पंपाला हात सगळ्यात शेवटी

जुनी डिझेल गाडी पहाटे चालू झाली नाही की पहिलं नाव निघतं ते पंपाचं. सोलापूरच्या मार्केट यार्डात डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. ड्रायव्हर असो, हमाल असो, निदान तयार असतं: "पंप गेला असंल बघा." पंप म्हणजे फ्युएल इंजेक्शन पंप, डिझेल दाबाने सिलिंडरकडे पाठवणारा. इंजिनाला चिकटलेला, सगळ्यात महाग आणि आत काय चाललंय ते बाहेरून अजिबात न दिसणारा भाग. जे दिसत नाही त्याच्यावर संशय लवकर जातो.

या सवयीबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण तिच्यापायी चांगल्या गाड्या आणि त्यांच्यावर चालणारी घरं अडचणीत आलेली मी जवळून पाहिली आहेत. पंप उतरवला की तो पंप दुरुस्तीच्या लॅबला जातो, टेस्ट बेंचवर चढतो, बिल होतं. परत बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारलं जावं ते, बांधावं लागतं. गाडी दोन-चार दिवस उभी, भाडं बुडालेलं. आणि एवढं होऊन पुढच्या थंड पहाटे परत तेच, घर्र घर्र घर्र. मग मालकाचं मन उठतं. गाडीच म्हातारी झाली, काढून टाकू, असं ठरतं. हप्ते फिटलेली गाडी भंगाराच्या भावात जाते आणि हप्त्यांची गाडी दारात येते. उसाला भाडं तेच, कांद्याला भाडं तेच. ज्या दोषावर तांब्याच्या एका वायसरचा खर्च आला असता, त्याने माणूस कर्जात जातो.

आमची गाडी म्हणजे जुना ट्रक, सहा सिलिंडरची, चोवीस व्होल्टची, इनलाइन पंपाची. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, स्कॅनर लावायला जागा नाही. अण्णांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊस, मग कांदा, उन्हाळ्यात हैदराबाद रोडला जे मिळेल ते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, त्यामुळे तिचं वय आम्हाला दरवर्षी आरटीओत आठवतं. अशा गाडीचं दुखणं ओळखायचं तर कान, डोळे, नाक आणि एक मल्टिमीटर एवढंच हाताशी असतं. माझं म्हणणं आहे की तेवढं पुरतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

क्रम कळायला इंजिन मुळात पेटतं कसं ते डोळ्यासमोर हवं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला चाललं, त्याच्या मुळाशी जी गोष्ट होती तीच आमच्या गाडीत आहे: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते. आमच्यासारख्या इंजिनात ती सोळा-सतरा पट दाबली जाते आणि ५०० अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेट घेतो. पण हवा तापायला इंजिन जोरात फिरलं पाहिजे. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, सावकाश फिरला तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते, उरलेली ऊब थंड लोखंड खाऊन टाकतं. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासलेला असेल तर फिरून उपयोग नाही, हवा धरलीच जात नाही. आणि हे दोन्ही ठीक असून डिझेल वेळेवर, फवारा होऊन आलं नाही, तर पेटायला काही नाही. गाडी चालू न होण्याची सगळी कारणं या तिन्हींपैकी एका घरात बसतात. पंप त्यातल्या एका घराच्या एका कोपऱ्यात.

हैदराबाद रोडला एक वयस्कर मिस्त्री होते, अण्णांच्या पिढीचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. गाडी चालू होत नाही म्हणून त्यांना बोलावलं की ते बॉनेटकडे जात नसत. थेट मागे सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन उभे राहत आणि तिथून ओरडत, "मारा सेल्फ!" सेल्फ फिरत असताना तळहात धुराड्यासमोर धरत, मग हात नाकाशी नेत. त्यांना विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "धूर नाही म्हंजे डिझेल नाही. डिझेलच नाही तर सेल्फ कशाला मारताय? ब्याटरी मारून टाकाल." मला आजवर मिळालेलं निदानाचं सगळ्यात मोठं शिक्षण या वाक्यात आहे.

सेल्फ चांगला फिरतोय आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा, डोळ्यांत झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे कम्प्रेशन (हवेचा दाब) कमी, सेल्फ सावकाश, टायमिंग मागे, नाहीतर सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारं नोझल फवारा न करता ठिबकतंय. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर इंजिन ऑइलचा. धुराच्या आधी आणखी एक गोष्ट बघायची, ती इतकी साधी आहे की भले भले विसरतात: इंजिन बंद करायची दोरी. जुन्या गाडीत बंद करायला दांडी ओढतो, ती केबल गंजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकतो. वर केबिनमध्ये दांडी आत गेलेली दिसते आणि खाली पंप बंदच असतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. खाली वाकून लिव्हर बोटाने पूर्ण मागे जातोय का ते बघायचं.

आता सेल्फचं. सोलापूरची थंडी ती काय, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, फार तर आणखी दोन-तीन अंश खाली. डिझेल गोठायचा इथे प्रश्नच नाही. तरी आमची गाडी त्या दिवसांत पहाटे कण्हायची. सेल्फ फिरायचा, पण जड. बॅटऱ्या मल्टिमीटरवर बारा-साडेबारा दाखवायच्या, म्हणून सगळे बॅटरीला सोडून इंजिनाकडे बघायचे. उभ्या गाडीत मोजलेला व्होल्ट फार काही सांगत नाही. सेल्फ मारत असताना मोजायचा. तसा मोजला तेव्हा एका बॅटरीवर साडेदहाच्या आसपास काटा राहिला आणि दुसरी आठच्याही खाली गेली. दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच पेटीत शेजारी शेजारी बसलेल्या. मग एकच का मेली?

कारण पेटीतच होतं. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस होतात. टेप आणि केबिनमधला पंखा बारावर चालतो. म्हणून कधीतरी कुणीतरी एका बॅटरीच्या टर्मिनलला बारीक लाल वायर गुंडाळून ती केबिनमध्ये नेली होती. रात्रभर गाणी आणि पंखा त्या एका बॅटरीवर. दिवसा अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्याला काय कळणार कुठली उपाशी आहे? एक कायम अर्धी रिकामी राहते, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळून तिचं पाणी उडतं. आपल्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर उडतं. जुन्या ट्रकांमध्ये ही वायर जागोजाग सापडते, आणि ती सापडेपर्यंत सेल्फ खोलून होतो, बुश बदलून होतात. आम्ही दोन्ही बॅटऱ्या जोडीने बदलल्या, एकच नवी टाकली तर जुनी तिलाही घेऊन बुडते. बारा व्होल्टसाठी चोवीसवरून बारा करणारा कन्व्हर्टर बसवला.

बॅटरी चांगली निघाली आणि तरी सेल्फ जड असेल, तर वायरी तपासायच्या, त्याही तशाच, करंट वाहत असताना. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. मधल्या वायरीत अर्धा-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गळत असेल तर जोड खराब. तसंच बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचा विजेचा संबंध एका पट्टीपुरता. ती अर्थिंगची पट्टी उसाच्या रानातल्या चिखलाने आणि गंजाने खाल्ली की करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम लागली तर दुसरा पुरावा नको, अर्थिंग गेलंय.

सेल्फ मार्गी लागला की पहाटेच्या तक्रारीतला मोठा वाटा राहतो तो हवेचा. आपल्याकडे म्हणतात, गाडीने एअर धरली. लक्षण ठरलेलं: रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, मग एक-दोन सिलिंडरवर अडखळत उचलते, थोड्या वेळात सुधारते आणि दिवसभर काही त्रास नाही. दुपारी भाकरी खायला थांबून परत एका झटक्यात चालू. हे पंप गेल्याचं लक्षण वाटत असेल तर थांबा. मुख्य पंपाला टाकीतलं डिझेल ओढून देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतचं डिझेल वर ओढून घेतलेलं असतं. त्या वाटेवर कुठे बारीक फट असेल, किंवा फीड पंपातला व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर रात्रीतून ते डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते.

हा दोष लबाड आहे. पंपाच्या पुढच्या दाबाच्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर येतं, धूळ चिकटून काळा डाग पडतो, आंधळ्यालाही बोटाला लागतो. ओढणाऱ्या बाजूची फट मात्र बाहेर थेंब टाकत नाही, आत हवा घेते. पाइप कोरडा, स्वच्छ, देखणा. त्याच्यावर संशय कोण घेणार?

त्यासाठी एक परीक्षा आहे, फुकटची. उद्या सकाळी चावीला हात लावायच्या आधी खाली उतरून फीड पंपावरचा हँड पंप मारायचा, हाताला जड लागेपर्यंत. मग सेल्फ. गाडी पहिल्या झटक्यात उचलली तर कम्प्रेशन, नोझल, टायमिंग आणि खुद्द पंप, सगळे त्या क्षणी बरेचसे निर्दोष सुटतात. डिझेल उतरतंय एवढंच खरं. आता ते कुठे उतरतंय ते शोधायचं. डिझेलचा कॅन पंपाच्या वर बांधून वेगळ्या नळीने थेट फीड पंपाला जोडायचा आणि गाडी रात्रभर तशी ठेवायची. सकाळी पटकन चालू झाली तर दोष टाकी ते फीड पंप या लायनीत.

आमच्या गाडीत आम्ही फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली. ती नळी मी डोळे लावून बघत बसलो होतो. इंजिन चालू असताना पिवळसर डिझेल सरकत होतं आणि त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, अगदी एका लयीत येत होते. हँड पंपाच्या बुडाशी असलेल्या रबरी सीलवर थोडं ग्रीस लावलं, बुडबुडे तसेच. पाइपाच्या जोडावरच्या बँजो बोल्टला लावलं, तसेच. टाकीच्या तोंडाशी, जिथे रबरी होज लोखंडी पाइपवर चढवून क्लिप आवळलेली असते, तिथे लावलं आणि बुडबुडे थांबले. होज आतून कडक होऊन तडकलेला होता. बाहेरून त्याच्यावर ओरखडा नव्हता. हातभर नवा होज, दोन क्लिपा आणि जोडांवरचे तांब्याचे नवे वायसर. जुना वायसर एकदा दबला की परत तसा बसत नाही, तो उलटा करून लावायची काटकसर करू नये.

इथे मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडी उचलत नाही म्हणून हवेच्या पाइपाशी पेट्रोलचा बोळा धरायचा किंवा ईथरचा फवारा मारायचा, हा प्रकार रस्त्यावर सर्रास चालतो. ते डिझेलच्या आधी, पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं. रिंगा तुटतात, पिस्टनला मार बसतो, हातही भाजतात. आणि कमी कम्प्रेशनच्या गाडीत रिंगांचा जो काही दम उरलेला असतो तोही जातो, मग पुढच्या वेळी जास्त पेट्रोल लागतं. माझ्या गाडीजवळ मी हे कुणाला करू देत नाही. तसंच, चालू इंजिनात नोझलचे पाइप ढिले करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघताना हाताने धार अडवू नका. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, नोझल उघडतं ते २०० बारच्या आसपास. ती धार कातडीतून आत जाते आणि वरून नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना.

कम्प्रेशनबद्दल थोडक्यात. इंजिन घासलंय का हे हेड उतरवायच्या आधी पुष्कळ कळतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा, तिथून ठेक्याने वाफा उसळत असतील तर रिंगांमधून दाब खाली येतोय. ऑइल कमी होत असेल आणि पहाटे पांढऱ्या धुराचा लोट उठत असेल तर शंका पक्की होते, आणि तरीही आधी व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट तपासून घ्यावेत. फार आवळलेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि चांगल्या बोअरचं कम्प्रेशन तिथून निसटतं. आपल्याकडे बोअर खाणारी गोष्ट म्हणजे धूळ. उसाच्या फडात गाडी जाते, काळ्या रानातली वाळलेली माती पिठासारखी उडते. एअर फिल्टर आणि इंजिन यांमधल्या रबरी होजला चीर असेल तर फिल्टर कितीही नवा असू दे, ती माती थेट बोअरमध्ये. इंजिन बांधायचा खर्च करणाऱ्या किती जणांनी तो होज बघितलेला असतो, कोण जाणे.

आणि मग येतो मे महिना. डिझेलच्या स्टार्टिंगवर जे काही सांगितलं जातं ते सगळं थंडीचं. सोलापुरात खरी कसोटी उलटी असते. पारा ४२-४३, कधी त्याच्याही वर, डांबर मऊ पडलेलं, गाडी हैदराबाद रोडने माल घेऊन आलेली. चहाला इंजिन बंद केलं आणि परत चालू होईना. पहाटे एका झटक्यात उचलणारी गाडी दुपारी तापल्यावर हटून बसली. पुन्हा तोच क्रम. सेल्फ कसा फिरतोय? तापलेला सेल्फ, घासलेल्या बुशांचा, जड फिरतो, तसं असतं तर दोष तिथे होता. आमचा सणसणीत फिरत होता. सायलेन्सरला धूर? नाही. हँड पंप मारला? मारला, जड लागला, फरक नाही. म्हणजे डिझेल पंपापर्यंत येत होतं आणि पंपातून पुढे जात नव्हतं.

या ठिकाणी, एवढं सगळं बाजूला काढल्यावर, पंपाचं नाव घ्यायचा अधिकार मिळतो. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ मध्ये डिझेलच्या इंजेक्शन पंपांचं उत्पादन सुरू झालं, तेव्हापासून इनलाइन पंपाचं मूळ काम बदललेलं नाही: दर सिलिंडरमागे एक एलिमेंट, म्हणजे एका नळीत वरखाली होणारा दांडा. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. पाणीमिश्रित डिझेल, फिल्टर बदलायचा आळस आणि वर्षं यांनी ती फट वाढते. थंड डिझेल घट्टसर असतं, तेवढ्या फटीतून फारसं निसटत नाही. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी वेगावर दांड्याच्या कडेनेच खाली उतरतं. नोझल उघडण्याएवढा दाब तयार होत नाही. एकदा इंजिन चालू झालं की वेग वाढतो, निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून घाटातही गाडी ओढायला बरी वाटते.

खात्री करायला आम्ही ओलं गोणपाट पंपावर घातलं. बादलीभर गार पाणी तापलेल्या पंपावर ओतणारेही आहेत, पण त्याने आतले भाग अडकू शकतात, गोणपाट बरं. कॅबिनच्या सावलीत थांबलो, पंपाला हात लावून बघितला, कोमट झाला होता. सेल्फ मारला, गाडी चालू झाली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेच.

गाळप बंद झालेलं होतं, कांद्याचा जोर ओसरला होता, गाडी उभी राहिली तरी फार नुकसान नव्हतं. तेव्हा पंप उतरवला आणि लॅबला दिला. सहाही एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलून बेंचवर सगळ्या सिलिंडरचं डिझेल सारखं करून घेतलं, नोझलही टेस्टरवर लावून बघितले, फवारा नीट नव्हता ते बदलले. बिल मोठं होतं. अण्णांनी ते न बोलता दिलं, आणि मला एवढंच विचारलं की टाकी धुऊन दोन्ही फिल्टर नवे टाकल्याशिवाय नवा पंप जोडणार नाहीस ना. टाकी खोलून धुतली. तळाशी पाण्याचा थर आणि गंजाचा लाल गाळ होता, पाणी डिझेलपेक्षा जड, ते खालीच बसतं. आता आठवड्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी असताना, हलवायच्या आधी फिल्टरखालचा ड्रेन ढिला करून पाणी काढायचं काम क्लीनरकडे आहे, आणि ड्रायव्हरकाकांच्या वहीत स्टार्टिंगचा एक रकाना आहे: गाडी गार होती की तापलेली, सेल्फ कसा फिरला, धूर कसला आला.